फंडातला पैसा फंडात

माझ्या मामांइतका सावध माणूस इस्लामपूरच्या स्टँडवर पूर्वी झाला नाही आणि पुढेही होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. एरवी छातीठोकपणे सांगण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नाही. मामा एस.टी.त ड्रायव्हर होते. साऱ्या नोकरीत त्यांनी लांब पल्ल्याची गाडी होता होईल तो टाळली. मुंबईची ड्यूटी लागली की त्यांच्या पोटात दुखायचं, आणि सांगलीची फेरी मिळाली की तेच पोट आपोआप बरं व्हायचं. "गाडी कशी, सकाळी सोडली की सांजच्याला दारात पायजे," असं ते म्हणत. एकदा नाइलाजानं म्हसवडला मुक्कामी जावं लागलं, तर अंथरूण, घरच्या पाण्याची कळशी आणि दोन वेळची भाकरी घेऊन निघाले. मामी म्हणाली, "आवं, पाव्हण्याच्या गावाला निघालाय का लढाईला?" मामा गंभीरपणे म्हणाले, "सांगता येत न्हाई."

दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत तर त्यांना बसवत नसे. बाकावर बसलं तरी उजवा पाय ब्रेक शोधत राहायचा. मी सांगलीच्या कॉलेजात जायला लागलो तेव्हा मला पोचवायला आले होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे गाडीतल्या सगळ्यांना "भाचा हाय, कालिजात चाललाय" असं सांगून झालं होतं. आष्ट्याच्या वळणावर ड्रायव्हरनं वेग कमी केला नाही आणि मामांनी पाय असा दाबला की पुढच्या बाकाखालची कोंबडी किंचाळली. कोंबडीवाली मागं वळून म्हणाली, "आवं, कोंबडी हाय ती, बिरेक न्हाई!" अख्खी गाडी हसली. मामांनी उतरताना ड्रायव्हरलाच सुनावलं, "गड्या, तुझ्यामुळं त्या कोंबडीचा जीव गेला असता."

असा हा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या हातात फंड आला. आमच्याकडे फंड म्हणजे एकच. दरमहा पगारातून कापला जाणारा, कापताना शिव्या खाणारा आणि म्हातारपणी न चुकता दारात येणारा. मामा-मामी जन्मभर स्टँडमागं भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले होते. या फंडातून जागा घ्यायची ठरली होती. जागाही पाहून ठेवली होती, पण मालकाच्या भावाभावांतली वाटणी व्हायला वर्ष लागणार होतं. मामीला तेवढाही धीर नव्हता. तिनं नव्या अंगणात लावायला कढीपत्त्याचं रोप तेलाच्या डब्यात तयार करायला घेतलं.

वर्षभर पैसा ठेवायचा कुठे, हा प्रश्न सोडवायला टाय लावलेला एक तरुण घरी आला. मी तेव्हा सांगलीत वसतिगृहावर होतो. मामीनं मला हे सगळं नंतर सांगितलं. अल्पमुदतीची योजना, व्याज ठरलेलं, आणि पैसा सांभाळायला मोठे जाणकार मॅनेजर, असं तो म्हणाला. अल्पमुदत ऐकून मामा खूश झाले, म्हणजे ही गाडी मुक्कामी नव्हती. व्याज ठरलेलं, म्हणजे तिकिटासारखं. तरी त्यांनी विचारलं, "पर हे हाय काय?" तो म्हणाला, "फंड आहे मामा, फंड." संपलं. मामांनी त्याला दुसरा चहा पाजला. "फंड कुणाचा बुडाल्याला ऐकलाय का कवा?" ते मामीला म्हणाले. "फंडातला पैसा फंडात चाललाय." जन्मभर ब्रेकवर ठेवलेला पाय त्यांनी त्या एका शब्दासाठी उचलला.

वर्षानं वाटणी झाली, मालकानं पैसे भरायला आठ दिवसांची सवड दिली आणि मी मामांबरोबर त्या फंडाच्या सांगलीतल्या काचेच्या दाराच्या ऑफिसात गेलो. आत गारवा होता आणि माणूस गोड बोलत होता. फंडानं ज्या कंपन्यांना पैसे दिले होते त्या परत देईनात, म्हणून मुदत वाढवली आहे, असं तो म्हणाला.

"किती वाढीवली?" मामांनी विचारलं.

"तसं नक्की सांगता येणार नाही, आजोबा."

"पर ह्यो फंड हाय ना?"

"आजोबा, तो फंड वेगळा, हा फंड वेगळा."

मामांनी मान उंचावून आतल्या टेबलांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "मॅनेजर कुटं हायत?"

"ते मुंबईला असतात."

"म्हंजे गाडी सांगलीत आन ड्रायव्हर मुंबईत, व्हय रं?"

तो माणूस हसला. त्याला तो विनोद वाटला.

जागा अर्थातच गेली. तिथे आता दुसऱ्याचं घर उभं आहे. पैसे पुढे आले ते तुकड्यातुकड्यानं, अर्धेमुर्धे, आणि तोवर जागांचे भाव असे वाढले की त्यात अंगणसुद्धा आलं नसतं. स्टँडवरचे जुने सोबती अजून विचारतात, "काय गड्या, फंड आला का?" कढीपत्त्याची मुळं डब्याचा तळ फोडून घरमालकाच्या जमिनीत शिरली आहेत. डबा आता हलत नाही. जागा गेली त्याच वर्षी कॉलेजच्या परीक्षेत गुंतवणुकीतली जोखीम यावर प्रश्न आला होता. मी व्यवस्थित उत्तर लिहिलं. गुणही चांगले मिळाले. ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

पण सगळ्यात जास्त आठवते ती त्या दिवशीची परतीची गाडी. ड्रायव्हर पोरसवदा होता आणि गाडी नुसती उधळली होती. आष्ट्याचं वळण आलं तसं मी सवयीनं मामांच्या पायाकडे पाहिलं. पाय चपलेत गप्प होता. मामा खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. गाडी तिरकी झाली, बायका ओरडल्या, आणि माझ्या लक्षात आलं की ब्रेक मी दाबून धरला आहे.