पुसदचं धुकं

पुसद हे थंड हवेचं ठिकाण आहे असं लेखी कळवणारा आजवरचा एकमेव माणूस मी आहे. तेही मे महिन्यात.

याला कारण आमची इमारत. गावाबाहेर डोंगराकडे जाणाऱ्या चढावर ती उभी आहे. खाली दुकानाचा गाळा, वर पत्र्याचा हॉल, आणि तोंड थेट पश्चिमेला. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, तिथं आधी साड्यांचं दुकान काढलं. मग झेरॉक्स सेंटर. मग शिवण क्लास. मग वरच्या हॉलमध्ये व्यायामशाळा! (तिथं घाम यायला व्यायाम करावा लागत नसे. त्यामुळे लोक नुसतेच बसायचे आणि समाधानानं घरी जायचे.) एकही धंदा टिकला नाही. तरी दादा रोज दुपारी जायचा, शटर वर करायचा, रिकाम्या काउंटरमागे बसून राहायचा आणि दिवेलागणीला शटर खाली ओढून घरी यायचा. विचारलं तर म्हणायचा, "जागा चांगली हाय. धंदाच जमला नाई मले."

शेवटी आईनं एकदा जेवताना निकाल दिला. "इकून टाका ते. पोरगं माह्यं तठी बसून बसून वाळून चाललं." (पोरगं पन्नाशी ओलांडलेलं आहे.)

दादानं ताटातला घास संपवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "सुनील, तू कॉलेजात मराठी शिकवतं ना? मंग एक झकास जाहिरात लिही. एकदा तरी तुह्या मराठीचा घरले उपयोग होऊ दे."

हे वाक्य मला लागलं. इतकं लागलं, की त्याच संध्याकाळी मी जाहिरात लिहून इंटरनेटवर टाकूनही दिली, आणि मग बायकोला वाचून दाखवली: "ऐतिहासिक डोंगरनगरीत, पर्वतराजीच्या कुशीत, धुक्याची शाल पांघरलेली बहुउपयोगी व्यावसायिक वास्तू विकणे आहे."

संध्यानं कणीक मळता मळता मान वर केली. "तुम्ही महाबळेश्वर इकून राह्यले का?"

"डोंगर नाहीत का आपल्या चारी बाजूंनी?"

"हायेत ना. म्हणूनच तर हवा येत नाई."

"आणि बहुउपयोगी नाही का? चार उपयोग तर दादानंच करून पाह्यले."

"आन् ऐतिहासिक?"

"ते चारही इतिहासजमा झाले!"

धुक्याचा मात्र माझ्याकडे पुरावा होता. पावसाळ्यात एका संध्याकाळी मी इमारतीचा फोटो काढत होतो, तेवढ्यात डासांसाठी धूर फवारणारी गाडी तिथून गेली. फोटोत पांढऱ्याशुभ्र ढगातून आमचं शटर असं काही डोकावत होतं, की मलाच तिथं राहायला जावंसं वाटलं. तोच मी जाहिरातीला जोडला होता. डास फोटोत दिसत नाहीत.

आठवडा उलटायच्या आत ठाण्याहून फोन आला. सामंत नावाचे गृहस्थ होते. निवृत्त झाले होते. नवराबायकोला एखाद्या शांत, थंड गावात छोटंसं लॉज काढायचं होतं.

"गर्दीची हिल स्टेशनं नकोत हो आम्हाला," सामंत म्हणाले. "तुमचं गाव कसं अजून कोणाला माहीत नाही!"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण समोर दादा बसला होता आणि माझ्याकडे कौतुकानं बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मी म्हणालो, "या ना. अवश्य या."

"थंडी कितपत असते?"

"सहन होते," मी म्हणालो. (यात खोटं काय आहे? मे महिन्यात पुसदची थंडी कोणालाही सहन होते.)

ते यायच्या आदल्या दिवशी मात्र मी पेपरात हवामानाचा अंदाज वाचला. मी जावेदभाईंकडे धावलो. जावेदभाई लग्नकार्याला कूलर भाड्यानं देतात, एरवी दुरुस्त करतात.

"त्या बिल्डिंगीत कूलर?" जावेदभाई डोळे विस्फारून म्हणाले. "सर, ते बिल्डिंग नाई, भट्टी हाय भट्टी!"

"म्हणूनच सगळे पाठवा."

त्यांनी खरोखरच सगळे पाठवले. खाली वर, भिंतीभिंतीला कूलर. खालचे सुरू केले तर झेरॉक्सच्या काळातलं एक जुनं कॅलेंडर भिंतीवरून सुटून दादाच्या तोंडावर बसलं. हवा थंड होती असं म्हणवत नाही, पण जोरात होती.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी काचा बंद केलेली गार गाडी आली. तिच्यातून सामंत उतरले. अंगात बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर. मागून सौ. सामंत, खांद्यावर शाल.

सामंतांनी एक श्वास घेतला आणि दचकून म्हणाले, "गाडीचं इंजिन फारच तापलंय हो!" ते गाडीपासून लांब गेले. तिथंही तसंच. आणखी लांब गेले. शेवटी रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन उभे राहिले आणि तिथून माझ्याकडे बघायला लागले.

"आत या, आत या!" मी ओरडलो.

आत कूलरच्या घरघरीत कोणालाच काही ऐकू येईना.

"हवा कशी वाटते?" मी ओरडून विचारलं.

"रवा? नको, नाश्ता गाडीत झालाय!" सामंत ओरडले.

मग त्यांना वरून डोंगर बघायचे होते. आम्ही जिना चढलो. मी पुढे होऊन वरच्या कूलरचं बटण दाबलं. कुठूनतरी 'फट्' असा आवाज झाला आणि वरचे, खालचे, सगळे कूलर एकदम बंद पडले.

अशी शांतता मी परीक्षेच्या हॉलमध्येही अनुभवलेली नाही. त्या शांततेत डोक्यावरचा पत्रा तापून कडकड वाजत होता. सौ. सामंतांनी शाल काढली. सामंतांनी स्वेटर काढायला घेतला, तो घामानं डोक्यात अडकला, आणि दादानं व मी मिळून तो ओढून काढला.

तेवढ्यात आई पन्ह्याचा तांब्या घेऊन वर आली. (तिला मी मुद्दाम घरी ठेवलं होतं. आईला खोटं बोलता येत नाही.) सामंतांनी दोन पेले रिचवले, जरा सावरले आणि आशेनं मोबाइलवरचा तो फोटो आईपुढे धरला.

"आजी, हे धुकं साधारण कधी येतं?"

आईनं फोटो लांब धरून पाहिला. "हे होय! हे डास लय वाढले का येते. गाडीवाला येते ना फवारत. तवा तोंडाले पदर लावा लागते बाप्पा, नाई तं ठसका लागते."

सामंतांनी मोबाइल हळूच खिशात ठेवला. मग सौ. सामंत हसायला लागल्या. आधी रुमालात, मग उघडच, मग जिन्याचा कठडा धरून. सामंत मात्र हसले नाहीत.

"ती जाहिरात तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"कॉलेजात शिकवता म्हणाला होतात फोनवर. काय शिकवता?"

"अलंकार," मी म्हणालो.

तेवढ्यात दादा पुढे झाला. त्यानं हात जोडले. "साहेब, जागा अशीच हाय. माह्ये चार धंदे बुडाले इथं. माह्यासाठी केलं त्यानं हे, त्याच्यावर राग नका धरू. पण एवढ्या दुरून आले, तं घरी जेवल्याबिगर जाऊ देणार नाई मी."

दादा त्या जागेबद्दल असं पहिल्यांदाच बोलला होता. मी पत्र्याकडे बघत राहिलो. (डोळ्यांत घाम गेला होता.)

सामंत आमच्याकडे आमरस आणि कुरडया जेवले आणि ऊन उतरेपर्यंत कूलरपुढे गाढ झोपले. निघताना सौ. सामंतांनी आईकडून सांडग्यांची पिशवी घेतली. सामंत गाडीत बसता बसता म्हणाले, "प्राध्यापक, माणसं चांगली आहात हो. तेवढं लिहिणं आवरा."

कूलर परत न्यायला जावेदभाई आले, ते वरच्या हॉलमध्ये बराच वेळ उभेच राहिले. खाली येऊन दादाला म्हणाले, "दादा, जागा मले द्या. कूलरचं दुकान टाकतो. गिऱ्हाईकाले कूलर बंद करून उभं करायचं, मंग चालू करायचा. बस!"

इमारत जावेदभाईंना गेली. दादा अजूनही रोज तिथंच जातो, त्यांचा गल्ला सांभाळतो आणि मोठ्या कूलरसमोर बसतो. आई म्हणते, पोरगं सुटलं जरा.

दुकानाची जाहिरात मी फुकट लिहून देणार होतो. जावेदभाईंनी घाईघाईनं माझे दोन्ही हात धरले. "सर, आप बस उद्घाटन को आना!"

मी गेलो. त्यांनी मला हॉलच्या मधोमध खुर्ची दिली आणि कूलर बंद केला.

संध्याकाळी मी रिक्षातून नवाकोरा कूलर उतरवत होतो, तेव्हा संध्या दारात उभी होती. घरात आधीचे दोन कूलर चालू होते.

"हा तिसरा कायले? असं काय बोलले जावेदभाई तुमच्याशी?"

"काहीच नाही गं," मी म्हणालो. "एक शब्दसुद्धा बोलले नाहीत!"