टाळी वाजवत चढायचा डोंगर

नेकनूरजवळचा आमचा डोंगर म्हणजे डोंगर म्हणायला डोंगर. पोटातलं पाणी न हलता कुणीही चढावं असा. सामाजिक वनीकरणातली सुबाभूळ आणि कडुलिंब, मध्येच आपोआप वाढलेली सीताफळं, माथ्यावर महादेव. रोपांना पाणी न्यायला बैलगाडीपुरती वाट पाडलेली होती. घरोघरी केबल टीव्ही आला आणि त्यावरच्या शर्यती बघून बीडच्या कॉलेजातली पोरं गिअरच्या सायकली घेऊन त्याच वाटेवरून खाली सुटायला लागली. वाट एकच, आणि चढणारे व उतरणारे दोघेही तिचे मालक.

महादेवाचा नेम असा की पायथ्याच्या रांजणावर पाय धुतले की तोंड बंद, ते थेट वरची घंटा वाजवेपर्यंत. मध्ये बोललात तर खाली या, पुन्हा पाय धुवा, पुन्हा चढा. मग मौनातल्या माणसाने सायकलवाल्याला कळवायचं कसं? तर टाळी वाजवायची. वळण आलं की पोरं वेग कमी करून कानोसा घेत आणि टाळी ऐकली की उतरून बाजूला होत. हे कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण पाळलं जायचं.

आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्याच सुमारास अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, चालवा आणि बोलतं करा. आत्ता बोलले नाहीत तर जीभ कायमची अडकेल. चालायला आप्पा तयार झाले. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणून मी सोबत.

बोलण्याचं मात्र त्यांनी भलतंच केलं. डोंगरावरचं मौन घरी आणलं, मग दुकानात नेलं. कुणी काही विचारलं की आधी ओठांवर बोट, मग डोंगराकडे बोट. गल्ल्यावर बसून जन्मभर बोलण्यावर किराणा खपवलेला हा माणूस! गावाला मोठं कौतुक वाटलं. बाया पाया पडायला लागल्या. आईचं डोकं फिरायचं.

"महादेवाला तुमच्या गप बसण्याचं काय लोणचं घालायचंय?" ती म्हणायची.

मला ती भक्तीच वाटायची आणि अशा भक्तीचा रागही यायचा. देवाचा माणूस व्हायच्या नादात आमचा माणूस मुका होणार, ही भीती मला झोपू देत नव्हती.

एका सकाळी अर्ध्या चढावर माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला. आप्पा चार पावलं पुढे गेले. मी वाटेतच खाली बसून दोन्ही हातांनी काटा काढत होते, त्यामुळे टाळी वाजलीच नाही. वरून सायकल सुसाट आली.

"बा... बादूला! पोई... बादूला!"

आवाज आप्पांचा होता, शब्द दीड वर्षाच्या लेकराचे. मी कडेला लोळण घेतली. सायकल सीताफळीत घुसली. पोरगा उठून कपडे झटकत म्हणाला, "लागलं न्हाई ना, ताई? टाळी ऐकू आली न्हाई."

आप्पा माझ्याकडे बघत नव्हते. मान खाली, कान लालभडक. तेव्हा मला उमगलं. हे मौन देवासाठी नव्हतंच. या बोबड्या बोलांची त्यांना लाज वाटत होती. माझा सगळा राग तिथेच ओसरला.

नेम मोडला म्हणून आम्ही खाली उतरलो. रांजणापाशी आमच्याच गल्लीतली म्हातारी बसली होती. ती वाकून आप्पांच्या पायांकडे हात न्यायला लागली. मी पाय धुवायला तांब्या भरून दिला. आप्पांनी तो डाव्या हातात घेतला आणि पाय न धुता त्यातलं पाणी पिऊन टाकलं.

"कलडीचं... तेल," ते म्हातारीला म्हणाले, "आलंय. दुका... दुकानात."

म्हातारीने वाकवलेली कंबर सरळ केली. कीव नाही, नवल नाही.

"कवा आलं? मला का सांगितलं न्हाई आप्पा?" ती म्हणाली. "लई दिवसांची वाट बघायलेय की मी."

"आता... शांगतोय," आप्पा म्हणाले.