अंगठ्याखालचं नाव

आता जे सांगणार आहे ते मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही — आणि तिच्यापासून लपवावं असं माझ्या आयुष्यात दुसरं काही घडलेलंच नाही. हायस्कुलातल्या हेडक्लार्कच्या आयुष्यात असं घडणार तरी काय?

मित्राला सांगावं तसं सांगतो. मध्ये मध्ये थांबेन. एकदम मुद्द्यावर येणं मला जमत नाही. शंभर पानं वाट पाहण्यात आयुष्य गेलेला माणूस आहे मी.

आधी अभिमानाची गोष्ट सांगतो. मी रहस्यकथा वाचतो. पाचवीत असल्यापासून वाचतो, आणि उघडपणे वाचतो. एसटीत, शाळेच्या कचेरीत, लग्नाच्या मांडवात मुहूर्त टळेपर्यंत. खून, दरोडा, विषप्रयोग, गायब झालेलं मृत्युपत्र — मला सगळं चालतं. आमच्या वाचनालयाच्या कार्यक्रमांना मोठमोठे वक्ते येत आणि थोर ग्रंथांची नावं घेत. त्यातले बरेच ग्रंथ आमच्या कपाटात होते. ते कोरे होते, आणि त्यांची जोडलेली पानं पट्टीनं फाडून पहिल्यांदा वाचणारा मीच होतो. तेव्हा रहस्यकथा मी दुसरं काही झेपत नाही म्हणून वाचत नव्हतो. सगळं वाचून झाल्यावरही तीच आवडली म्हणून वाचत होतो. बाकीच्या पुस्तकांत लेखक हुशार असतो. हिच्यात वाचकालाही हुशार असावं लागतं.

आणि मी हुशार होतो. नम्रतेचं सोंग इथं तरी कशाला आणू? निम्मं पुस्तक व्हायच्या आत मला खुनी कळायचा. चहा कुणी प्यायला नाही, कुत्रं कुणावर भुंकलं नाही, हळहळ कुणी जरा जास्त दाखवली — बस्स.

आमचं गाव पिंपळवंडीपासून फार लांब नाही. नाव मुद्दाम सांगत नाही. गावात वाचनालय होतं, आणि नव्वदच्या दशकात त्याचा चिटणीस मी होतो. बिनपगारी. रोज संध्याकाळी दोन तास उघडायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची, रजिस्टर लिहायचं. माझ्या रजिस्टरची तपासनीस वाखाणणी करत. अक्षर एकसारखं, खाडाखोड नाही, आठवडा संपला की एक ओळ कोरी. ही कोरी ओळ लक्षात ठेवा.

तर माझी खोड. खुनी कळला की मी त्या पानाच्या समासात त्याचं नाव लिहायचो. पेन्सिलीनं, आणि भोवती गोल.

का लिहायचो? कळलं होतं, एवढ्यानं भागत नव्हतं का? नव्हतं. माझ्यानंतर तिथं पोचणाऱ्याला समजायला हवं होतं, की इथं कुणीतरी आधी येऊन गेलंय. अंदाज चुकला तर नाव पुसून टाकायचो. तेही आज पहिल्यांदाच सांगतोय.

माझ्यानंतर तिथं पोचणारा बहुतेक वेळा एकच माणूस असायचा — दगडू मिस्त्री. तो बैलगाडा शर्यतीचे छकडे करायचा. घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, पळणारा छकडा हलका हवा आणि मोडता कामा नये; दोन्ही एकदम साधणारा मिस्त्री आमच्या भागात तोच. जुन्नर-आंबेगावात ज्याच्या दावणीला शर्यतीचे बैल, तो कधी ना कधी त्याच्या दारात यायचाच. शिक्षण सातवी. आठवड्याला दोन रहस्यकथा. एकदा पुस्तक परत देताना मला म्हणाला,

"भाऊसाहेब, कोन तरी खुन्याचं नाव लिवून ठिवतंय. सगळी मजा जाती राव."

"बघतो," मी म्हणालो.

"मी आता अंगठा ठिवून वाचतो." त्यानं दाखवलं. डाव्या हाताचा रुंद अंगठा समासावर, वाचता वाचता खाली सरकत जाणारा. "पान संपलं की मग अंगठा उचलायचा. पर जीव निम्मा तितंच आडकतो."

मी हसलो. माझ्या गोलावर त्याचा अंगठा सरकताना मला दिसत होता, आणि — काय लपवायचं — मला बरं वाटलं. लिहून थांबलो का? नाही.

हीच माझी चूक, असं तुम्हाला वाटत असेल. एवढंच असतं तर मी तुमचा वेळ घेतला नसता.

आमचे अध्यक्ष. सत्कार घ्यायची त्यांना इतकी सवय, की कुणी बसायला खुर्ची दिली तरी मान पुढे करायचे. दर वार्षिक सभेत 'तरुण पिढी आणि भिकार वाचन' यावर बोलायचे. त्या वर्षी उन्हाळ्यात जिन्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला. पडून पडून कंटाळले आणि घरच्या गड्याकडून एक नवीकोरी रहस्यकथा मागवली. 'सूनबाईंसाठी.' आठवड्यानं काठी टेकत स्वतःच वाचनालयात आले, ते पुस्तक टेबलावर आपटलं आणि बासष्टावं पान उघडलं. समासात गोल. गोलात 'डॉक्टर'.

"हा वाचनसंस्कृतीवर घाला आहे," म्हणाले. "सूनबाईंना अतिशय मनस्ताप झाला." मनस्ताप कुणाला झाला होता ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा यातला व्यासंग मोठा. आठ दिवसांत गुन्हेगार सापडला पाहिजे."

एवढ्या रहस्यकथा वाचल्या, पण असा योग कुठल्या लेखकानं आणला नव्हता. मी घरी जाऊन पोटभर हसलो. नंतर हसू थांबलं. ते पुस्तक नवीन होतं. रजिस्टरात ते नेणाऱ्यांची नावं दोनच — आधी माझं, मग अध्यक्षांचं.

सांगून टाकता आलं असतं. थट्टा झाली असती, फार तर चिटणीसपद गेलं असतं. पण गावात मी 'भाऊसाहेबांना विचारा, त्यांच्या नजरेतून काही सुटत नाही' असा माणूस होतो. त्या माणसाला पुस्तकं खराब करताना पकडलं जावं? मला ते सोसवेना. वाचलेलं तेव्हा असं कामाला आलं.

पेन्सिल. मी ज्या पेन्सिलीनं नावं लिहायचो ती जाड, चपटी, सुतारकामाची होती. दोन वर्षांपूर्वी मिस्त्रीनं माझ्या घरी पुस्तकांचं कपाट केलं, तेव्हा विसरलेली. मी ती मुद्दाम ठेवली नव्हती. हाताशी होती म्हणून वापरत आलो. आता तिच्याकडे बघत बसलो, आणि पुढचं सगळं आपोआप जुळत गेलं. ते जुळताना मला आनंद झाला. खरं तेच आहे. कोडं सुटतानाचा तोच नेहमीचा आनंद.

आठ दिवसांनी सभासदांची सभा भरली. तिथं मी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त पुस्तकं मांडली आणि म्हणालो, रेघ बघा — एवढी जाड, एवढी काळी. साधी पेन्सिल अशी उठत नाही. अशी पेन्सिल कुणाकडे असते?

सगळ्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. त्याच्या कानावर ती होतीच.

"मी न्हाई लिवलं," मिस्त्री म्हणाला. "आन् हे डाक्टरवालं पुस्तक तर मी बघितलंबी न्हाई."

"रजिस्टर आणा," अध्यक्ष म्हणाले.

मी आणलं. तेव्हा त्यात तीन नावं होती. माझ्या आणि अध्यक्षांच्या मध्ये एप्रिलमधली एक ओळ — पुस्तकाचा क्रमांक, तारीख, दगडू मिस्त्री. कोरी सोडलेली ओळ मी आदल्या दिवशी भरली होती. तीच शाई, तेच अक्षर. मी केलेल्या हजारो नोंदींत एवढी बेमालूम दुसरी नसेल.

हे सांगायचं होतं. समासातली नावं नाही. ही ओळ.

मिस्त्रीनं रजिस्टर पुढ्यात घेतलं. ओळीवर बोट ठेवलं आणि ते तारखेवर नेलं. तिथं थांबला — बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.

"भाऊसाहेब, अक्षर तुमचंच न्हवं हे?"

"माझंच."

"लई सुबक हाय." रजिस्टर मिटून त्यानं माझ्याकडे सरकवलं. "मंग बराबरच आसंल."

पिशवीतून त्यानं वाचायला नेलेलं पुस्तक काढलं आणि टेबलावर ठेवलं. "ह्येची सत्तर पानं ऱ्हायली व्हती," म्हणाला. कुणी म्हणालं, एवढं वाचून द्या नंतर. अध्यक्षांनी मान हलवली. नियम म्हणजे नियम. सभासदत्व रद्द, ठराव एकमतानं मंजूर. इतिवृत्त मी लिहिलं.

तो तारखेपाशी का थांबला, ते संध्याकाळी कळलं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर मी मागे उलटलं. एप्रिलच्या त्या चौकोनात बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं — यात्रा, पाव्हणे.

आमची यात्रा तिथीवर असते. चैत्र पौर्णिमेला कुठली तारीख येते हे गावात कुणी ध्यानात ठेवत नाही. मीही नव्हतं ठेवलं. त्या दिवशी वाचनालय बंद होतं. अख्खं गाव घाटात होतं. अध्यक्षांचे बैल मिस्त्रीच्या छकड्याला जुंपून पळाले होते, पहिले आले होते, आणि गुलालानं लाल झालेले अध्यक्ष तिथंच दोन हार घालून फिरत होते. बारी, म्हणजे शर्यतीची फेरी, सुटण्याआधी मिस्त्री छकड्याखाली पालथा पडून खिळी ठोकत होता आणि शेजारी हातोडी धरून उभा कोण होता? मी. सभेतला प्रत्येक जण तिथं होता, आणि सभेत एकालाही ती तारीख खटकली नाही.

मिस्त्रीला खटकली. छकडा कुठल्या तारखेला हवा हे तो गिऱ्हाइकासमोर फळीवर लिहून ठेवायचा. यात्रा तारखेनं माहीत असलेला गावातला तो एकटा माणूस.

एका वाक्यात त्यानं मला पकडलं असतं. "त्या दिवशी यात्रा व्हती" — चार शब्द. का नाही बोलला? मी बरीच उत्तरं लावून पाहिली. माझ्याशिवाय वाचनालय उघडणारा दुसरा कुणी नव्हता, म्हणून? माझी कीव आली म्हणून? की पकडण्याच्याही लायकीचा वाटलो नाही? या एका प्रश्नापाशी माझी हुशारी संपते.

त्यानंतर मी कुठल्याच पुस्तकात नाव लिहिलं नाही. गावानं याचा अर्थ काढला, की मिस्त्रीला काढलं आणि प्रकार थांबला. पुरावा पक्का झाला. पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांच्या हस्ते मला श्रीफळ मिळालं, 'सूक्ष्म निरीक्षणाबद्दल'. मी ते घेतलं. खोबऱ्याच्या वड्या झाल्या. चांगल्या झाल्या होत्या.

दहा-अकरा वर्षं गेली. खोडदच्या बाजूला दुर्बिणीच्या तबकड्या कधीच उभ्या राहिल्या होत्या, घरोघरी टीव्हीवर रोज खून होऊ लागले होते, आणि वाचनालयानं रद्दीत काढलेल्या रहस्यकथा मी घरी आणल्या होत्या. त्यांच्या वजनानं कपाटाची फळी वाकली. बायकोनं मिस्त्रीला बोलावलं. तिला काय माहीत?

तो आला. केस पांढरे झाले होते. कपाटातली पुस्तकं उतरवता उतरवता एक त्याच्या हातात राहिलं. मी लांबून ओळखलं — सत्तर पानं राहिलेलं ते.

"वहिनी, च्या टाका. मी जरा बसतो," म्हणाला आणि दारातल्या पायरीवर बसला. मधलं पान त्याला शोधावं लागलं नाही. मी खुर्चीत पेपर धरून बसलो. पेपरात काय होतं ते विचारू नका. तो तासभर वाचत होता, आणि तो सगळा तास त्याचा डावा अंगठा समासावरून खाली सरकत होता. एकेका पानाला. त्या पुस्तकात मी नाव लिहिलेलं नव्हतं. त्याच्यानंतर ते मी कधी उघडलंच नव्हतं. "अंगठा काढा मिस्त्री, यात काही नाही" एवढं म्हणायला मला एक तास होता. मी म्हणालो नाही. कारण ते म्हणायचं, तर मला कसं माहीत हेही सांगावं लागलं असतं.

शेवटचं पान संपलं. त्यानं पुस्तक मिटलं.

"मला वाटला त्योच निगाला," म्हणाला. खुशीत होता. ती खुशी मी ओळखतो.

मग फळी बसवली, हत्यारं गोळा केली. माझ्या टेबलावर पेनांच्या डब्यात ती चपटी पेन्सिल होती, झिजून बोटाएवढी राहिलेली. त्यानं ती उचलली, उजेडात धरली, टोक पाहिलं. "ही माजी," म्हणाला आणि कानावर खोचून निघून गेला.

मिस्त्री अजून आहे. चष्मा लागलाय, छकडे आता पोरगा करतो. छापलेलं जे मिळेल ते तो वाचतो, तेव्हा हेही वाचेल. त्याला यात नवं काही कळणार नाही.

बाकीच्यांसाठी लिहितो. पुस्तकांतली नावं मी लिहिली. रजिस्टरातली ओळ मी भरली. दगडू मिस्त्रीनं वाचनालयाच्या कुठल्याही पुस्तकावर कधी एक रेघसुद्धा ओढलेली नाही, आणि आमच्या गावात रहस्यकथेचा सगळ्यात चांगला वाचक मी नव्हतो.