ओवाळणीतला कॉम्प्युटर

१९९८ सालची भाऊबीज. रक्कम त्रेचाळीस हजार नऊशे पन्नास. हजर माणसं चार: कळव्याला एकटी राहणारी माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, वर्तकनगरहून आलेला धाकटा भाऊ, आणि डोंबिवलीहून गेलेले मी नि माझी बायको. ताईने ओवाळलं तेव्हा मी तबकात दुकानाची पावती ठेवली. कॉम्प्युटर एक्केचाळीस हजार सहाशे, टेबल चौदाशे पन्नास, खुर्ची नऊशे. त्यात सव्वीस हजार माझे, बाकीचे धाकट्याचे.

ताईने चष्मा लावून पावती वाचली, परत तबकात ठेवली आणि म्हणाली, "खूप झालं रे." मग आम्हाला फराळ वाढायला उठली. उठताना तिने ओट्याचा आधार घेतला, हे मला आज आठवतं. त्या दिवशी दिसलं असेल, पण माझं लक्ष नव्हतं.

ताई तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती. ठाण्यातल्या एका शाळेत तिने सव्वीस वर्षं चित्रकला शिकवली आणि मुदतीच्या आधीच नोकरी सोडली. कारण सांगितलं, पाठ दुखते. पाठ काय, आमच्या घरात सगळ्यांचीच दुखायची. लग्न तिने केलं नाही. आमच्या दोघांची शिक्षणं तिच्या पगारावर झाली, पण नंतर आम्ही कधी पैसे देऊ केले तर ती हात मागे घ्यायची.

नोकरी सोडल्यावर तिने मुलांसाठी एक पुस्तक लिहायला घेतलं. मिठागरात काम करणाऱ्या बाईची मुलगी आणि तिथे रोज येणारा एक बगळा, एवढीच गोष्ट. आमचं लहानपण खाडीकाठी गेलं. वाफ्यांत पाणी सोडलं की पहिल्या दिवशी त्याचा रंग कसा असतो आणि मीठ धरायला लागल्यावर कसा होतो, हे तिला न बघता काढता यायचं. ठाण्यातल्या खोपटच्या एका प्रकाशकांना गोष्ट आवडली. चोवीस पानं, चित्रं ताईचीच. त्यांनी सात हजार आगाऊ दिले. अट एक होती: चित्रं कॉम्प्युटरवर तयार करून हवीत, कारण छपाईचा खर्च त्यात बराच वाचत होता. मुदत एप्रिलच्या मध्यापर्यंत.

कुठला कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरवायचं काम माझ्याकडे आलं. घरात असली कामं माझ्याकडेच येतात. माझ्या ऑफिसातल्या एकाचा भाऊ अमेरिकेहून परत आला होता आणि त्याला वापरलेला लॅपटॉप विकायचा होता. किंमत बासष्ट हजार. ताईला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. तिने सोफ्यावर पाय वर घेतले, उशीला टेकली, लॅपटॉप मांडीवर ठेवला आणि बगळ्याची मान काढून पाहिली. चहा आला, निवला, तरी तिने तो मांडीवरून काढला नाही. यजमान हसून म्हणाले, "ताई, घेऊनच जा आता." मला वाटलं, नव्या खेळण्याची मजा आहे.

घरी येऊन मी तक्ता केला. लॅपटॉपचा पडदा बारा इंची, डेस्कटॉपचा पंधरा. लॅपटॉपवर मान जरा हलवली की रंग बदलतो, चित्रकाराला ते चालणार नाही. बिघडला तर दुरुस्तीला मुंबईला न्यावा लागणार. फरक अठरा हजार पन्नास रुपयांचा. धाकटा तक्ता बघून म्हणाला, "दादा, वहिनीला बघायला गेलास तेव्हाही असाच केलेलास ना?"

बायको म्हणाली, "केला होता. फक्त मला दाखवला नाही."

ताईला फोनवर सगळे आकडे सांगितले. ती शेवटी एवढंच म्हणाली, "मांडीवर ठेवता आला तर बरं पडेल मला."

मी म्हणालो, "अगं ताई, लॅपटॉप फिरतीवर असणाऱ्यांसाठी असतो. तू कुठे जातेस?"

"कुठेच नाही," ती म्हणाली.

तक्त्यातला एकही आकडा चुकीचा नव्हता. आणि ओवाळणीत घालायची कल्पनाही माझीच. एरवी दिलं असतं तर तिने वाद घातला असता, पैसे परत केले असते, कदाचित पुन्हा लॅपटॉपचा विषय काढला असता. भाऊबिजेच्या तबकात पडलेलं बहीण नाकारत नाही, बदलूनही मागत नाही. हे मला ठाऊक होतं आणि त्याचाच मी उपयोग केला.

फेब्रुवारीच्या शेवटी बायकोने मेथीचे लाडू दिले म्हणून न कळवता कळव्याला गेलो. दुपारची वेळ होती. दार नुसतं लोटलेलं. कॉम्प्युटर चालू होता, खुर्ची रिकामी, आणि ताई टेबलाजवळ जमिनीवर सतरंजीवर उताणी पडलेली, गुडघ्यांखाली दोन उशा. मी घाबरलो. ती पडल्या पडल्या म्हणाली, "घाबरू नकोस. माझी मधली सुट्टी आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खुर्चीवर ती सलग चाळीस मिनिटं बसू शकत होती. त्यानंतर पायात कळ उतरायची आणि दोन-दोन तास आडवं पडावं लागायचं. दिवसातून तीन वेळा बसायची, म्हणजे दोन तास. शाळेतसुद्धा शेवटची चार वर्षं ती उभ्यानेच शिकवत होती. घरची चित्रं ती भिंतीला टेकून, पाय वर घेऊन, मांडीवर बोर्ड ठेवून काढायची. हे मी लहानपणापासून पाहत होतो आणि ती सवय आहे असं समजत होतो.

मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस.

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी मला डोंबिवलीला नेऊन ठेवलं असतं. पुस्तक राहिलंच असतं." मग म्हणाली, "आणि ओवाळणीत काय आलं त्यावर बहीण बोलते का रे?"

एका पानाला तिला तीस तास लागत होते. सात पानं झाली होती. उरलेल्या सतरा पानांना पाचशे दहा तास, रोज दोन तासांनी दोनशे पंचावन्न दिवस. हातात पन्नासही नव्हते. हा हिशोब मी तिच्या समोर तोंडाने केला. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी रोज करते."

त्याच दिवशी पडदा टेबलावरून उतरवून पाटावर ठेवून पाहिला. जड पडदा, तारा आखूड, आणि पडल्या पडल्या माऊस सतरंजीवर चालेना. बासष्ट हजारांचा तो लॅपटॉप अजून विकला गेला नव्हता. मी तिथल्या तिथे होय म्हणायला हवं होतं. पण माझ्या डोक्यावर घराच्या कर्जाचे हप्ते होते, दुकानदार ताईचा कॉम्प्युटर परत घेताना पंचवीस हजारांच्या वर जायला तयार नव्हता, धाकट्याकडे त्या महिन्यात काही नव्हतं. मी तीन आठवडे आकडे मांडत बसलो. शेवटी ऑफिसातून कर्ज काढायचं ठरवून फोन केला तेव्हा लॅपटॉप विकला गेला होता. आणि त्याच आठवड्यात ताईला सकाळी अंथरुणावरून उठता येईना. ठाण्याच्या डॉक्टरांनी मणक्यातली चकती सरकल्याचं सांगितलं आणि दोन महिने बसायला बंदी केली.

प्रकाशक सज्जन होते. ते स्वतः कळव्याला आले, खुर्ची ओढून तिच्या पलंगाजवळ बसले. म्हणाले, गोष्ट तुमचीच राहील, नावही तुमचं, चित्रं दुसऱ्याकडून करून घेऊ. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पुस्तक यायला हवं. त्या चित्रकाराने केलेलं एक पान त्यांनी नमुना म्हणून आणलं होतं. ताईने ते बराच वेळ धरून ठेवलं. पाणी निळंशार काढलं होतं.

"मिठागराचं पाणी निळं नसतं," ती म्हणाली.

प्रकाशक म्हणाले, ते सांगून बदलून घेता येईल.

ताईने पान त्यांना परत दिलं आणि पुस्तक मागे घेते असं सांगितलं. आवाज चढला नव्हता. मी मध्ये बोलायला गेलो तेव्हा तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

आगाऊ घेतलेली रक्कम परत करायची होती. मी म्हणालो, ती मी भरतो, चूक माझी आहे. तिने उशीखालून पोस्टाचं पासबुक काढलं आणि पैसे काढण्याच्या फॉर्मवर पडल्या पडल्या सही केली.

"एवढं तरी मला देऊ दे," ती म्हणाली.

पोस्टातून पैसे काढून मी खोपटला गेलो. प्रकाशक बाहेरगावी होते. सात हजार रुपये रोख त्यांच्या कारकुनाकडे दिले आणि पावती ताईच्या नावाने करून घेतली.