कॅलेंडरवरची निळी टिकली

हातातला चहा आधी संपवा, मगच ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! अशी फजिती देवाने वैऱ्याचीही करू नये, आणि गंमत म्हणजे ती मी स्वतः, मोठ्या हौसेने करून घेतली.

मी मलकापूरला शाळेत शिकवते. घर, शाळा, सासर, माहेर, सगळं लक्षात ठेवून डोकं फुटायची वेळ आली होती. तेवढ्यात मोबाईलवर एका बाईंनी सांगितलं, कामांना रंग द्या! प्रत्येक कामाचा एक रंग, कॅलेंडरवर तसा ठिपका, डोक्यात काही ठेवायलाच नको. रंगीत स्टिकर काही मिळेनात, म्हणून बांगड्यांच्या दुकानातून टिकल्यांची पाकिटं आणली. लाल म्हणजे शाळा, हिरवी म्हणजे दवाखाना, पिवळी म्हणजे कार्यक्रम आणि निळी म्हणजे नळ.

नळाला रंग कशाला? अहो, आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा, पालिका सांगेल त्या वारी येतो, तोही पहाटे तासभर. तेवढ्यात भरलं तर भरलं, नाहीतर आठवडाभर शेजाऱ्यांच्या तोंडाकडे बघा.

पहिले काही दिवस मी हवेत होते. मग काहीतरी बिनसलं. एका रविवारी लाल टिकली दिसली, म्हणून इस्त्रीची साडी नेसून शाळेत गेले. फाटकाला कुलूप! आत एक बकरी चरत होती, तीही चरायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. पुढच्या आठवड्यात हिरवी टिकली पाहून नवऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे पिटाळलं.

"माहे दात त दुखून नाही राह्यले!"

"कॅलेंडरवर हाय. जा मुकाट्यानं!"

गेला बिचारा.

एका संध्याकाळी उलगडा झाला. आमचा आरसा आणि कॅलेंडर एकाच भिंतीवर, शेजारी शेजारी. सासूबाईंनी तोंड धुतलं, कपाळावरची टिकली काढली आणि खुशाल पंधरा तारखेवर चिकटवली!

"आई! हे काय करून राह्यल्या?"

"काऊन वं? तूच त लावतं तिथं. मले वाटलं, आरशावर जागा नाही उरली म्हणून सुनबाईनं नवी जागा काढली. रात्री तिथं लावाची, सकाळी हाताले लागन ते घ्याची!"

म्हणजे इतके दिवस आमचं घर सासूबाईंच्या कपाळाप्रमाणे चाललं होतं! मी त्यांना रंगांचा सगळा पाठ शिकवला. त्यांनी कानाला हात लावले. "आता त्या कॅलेंडरले बोट नाही लावत, माय."

पुढे माझ्या नणंदेचं, वैशालीचं, डोहाळजेवण आमच्याकडे ठरलं. मेहकरकडून तिच्या सासरच्या बायका येणार होत्या. तिच्या सासूबाई म्हणजे कडक काम. पाण्याचा पेला मागेपुढे झाला तरी वर्षभर आठवण काढतील. आई धास्तावल्या होत्या. "ज्योती, माह्या पोरीची मान खाली नको जाऊ देऊ," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं त्यांचं.

त्या रविवारी पहाटे अंधारातच उठले. आंघोळ केली, नवी निळी साडी नेसून घाईघाईत तयार झाले आणि पुरणाला लागले.

आई म्हणाल्या, "आज नळ हाय वाटते वं. शेजारी मोटर चालू हाय."

मी कॅलेंडर पाहिलं. रविवारावर पिवळी टिकली होती, निळी नव्हती. "नाही आई, त्यांच्या बोअरची मोटर असन."

"पक्कं न?"

"कॅलेंडर खोटं बोलत नाही!"

दुपारी वैशाली फुलांचे दागिने घालून झोक्यावर बसली. ओटी भरून झाली, गाणी झाली. आता पानं वाढायची म्हणून मी ड्रममध्ये तांब्या घातला. खण्ण! टाकी पाहिली, ती त्याहून कोरडी. शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "काऊन वं, सकाळी नळ नाही भरला का?"

माझं डोकंच फिरलं. तरातरा स्वयंपाकघरात गेले. "आई, बोट नाही लावत म्हणे न तुम्ही? कुठं गेली माझी निळी टिकली?" विहीणबाईंसकट चार बायकांसमोर बोलले हो मी! आई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग पदर खोचून बाहेर गेल्या.

"चला बायांनो!" बाहेरून आईंचा आवाज आला. "आमच्यात रीत हाय. जेवणाच्या आधी शेजारच्या घरून पाणी आणाचं, पोटातल्या लेकराच्या नावानं!"

असली रीत मी जन्मात ऐकली नव्हती. पण बघता बघता जरीच्या साड्या खोचल्या गेल्या, हंडे-कळश्या निघाल्या आणि काकूंच्या बोअरवर वरात पोचली. सगळ्यात मोठा हंडा त्या कडक विहीणबाईंनी उचलला. "आमच्याकडं हे नाही बा," त्या धापा टाकत म्हणाल्या, "पण रीत चांगली हाय. किती खेपा असतात?"

आईंनी हळूच टाकीत डोकावून पाहिलं. "पाच!"

टाकी भरली. पाहुण्या खूश होऊन गेल्या. मी मात्र अजून फुरंगटलेलीच. "लाज राखली तुम्ही, आई. पण टिकली..."

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड आरशाकडे वळवलं. "पाह्य."

निळ्या साडीला अगदी शोभणारी, ठसठशीत निळी टिकली! पहाटे अंधारात हाताला लागली ती मीच लावली होती, थेट रविवारावरची.

"मग तेव्हाच काऊन नाही सांगितलं?" मला रडू फुटलं.

"विहीणबाईसमोर? एका पोरीची मान वर ठेवाची अन् दुसरीची खाली घालाची, असं कसं करू वं?"

आता आमच्याकडे कॅलेंडर कोणी बघत नाही. पहाटे नवरा पांघरुणातूनच विचारतो, "आई, आज नळ हाय का?"

आणि आई म्हणतात, "थांब, ज्योतीचं कपाळ पाहू दे."