मास्टरच्या खुर्चीत गणपती

कार्डिफमधल्या एका गुप्त बंधुमंडळाचा जुना हॉल आम्ही गणपतीसाठी घेतला होता. त्यांच्या सभांना दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा म्हातारा आम्हाला दार उघडून देऊन गेला आणि परत आला, तोवर मी तिथली कोरीव खुर्ची मखर समजून मूर्ती बसवून, प्राणप्रतिष्ठाही उरकून मोकळा झालो होतो.

म्हाताऱ्याने टाय सरळ केला. "ही मास्टरची, आमच्या मंडळाच्या प्रमुखाची खुर्ची आहे!"

"सॉरी, पण हे आता दीड दिवस उठणार नाहीत," मी चाचरलो.

तो सोंडेकडे बघत राहिला. "बसू दे. आमच्यातलं कुणी बसायला उरलंय कुठे?"

मग कपाटातून तलवार काढून तो दाराबाहेर उभा राहिला. आरतीला उशिरा आलेल्या आमच्या अध्यक्षांना त्याने परवलीचा शब्द विचारला.

मीच आतून ओरडलो, "मोरया म्हणा, अहो, मोरया!"