मातेफोची सिमेंटवरची पाकळी

तिचं माहेरचं नाव आता तिलाही आठवत नसेल. तेफो झाला तेव्हापासून ती मातेफो, म्हणजे तेफोची आई. इतक्या वर्षांच्या शेजारात मी तिला एका जागी बसलेली फक्त चर्चमध्ये पाहिली, आणि तिथंही पाय हलतच होता.

दर नाताळाला ती घराची पुढची भिंत शेणमातीनं लिंपायची आणि ओली असतानाच जेवणाच्या काट्यानं नांगराच्या तासांसारख्या रेघा ओढून मोठाल्या पाकळ्या काढायची. मागच्या हिवाळ्यात खाणीतून सुटीवर आलेल्या तेफोनं त्याच भिंतीला स्वतःच्या हातानं सिमेंट करून दिलं. आईच्या हातांना आराम! अख्ख्या लेसोथोला सांगत फिरला. तिनं काटा पुसून ठेवून दिला. आता तो नवी सून घेऊन येणार, आणि दारात पाकळी नाही.

"घर दवाखान्यासारखं दिसतंय," मी म्हटलं. "सूनबाई सुई टोचून घ्यायला रांगेत उभी राहील."

"आधी तुझं तोंड लिंपते," म्हणत ती मातीला गेली.

सिमेंटवर तिनं माती चढवली, नक्षी काढली. दुपारच्या उन्हात सगळं सुटून पायाशी. शेण वाढवून पुन्हा लिंपलं, पुन्हा पडलं. मग सुरू झाल्या येरझारा. चुलीवर भांडं टाकून माझ्या अंगणात, माझी बिअर आंबट म्हणून नावं ठेवत गाडगं रिकामं, की परत भिंतीशी.

"तेफोला काय सांगू गं?"

"सांग, कोंबड्यांनी खाल्लं."

"चेष्टा पुरे! माझ्या सुनेनं कुणाच्या दारात पाऊल टाकायचं? कुणा गवंड्याच्या?"

मी नवऱ्याचा हातोडा आणून दिला. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तिनं अख्खं सिमेंट टोचून टोचून माती धरेल असं खडबडीत केलं, वर माती चोपली, आणि काटा हातात असतानाच तेफो न् सून टेकाड उतरून आले.

खाली पडलेले सिमेंटचे तुकडे पाहून तेफो लाल. "माय, हे काय गं?"

"ओलं आहे. लांब उभा राहा."

सुनेनं रीतीप्रमाणे वाकून हातमिळवणीला दोन्ही हात पुढे केले. सासूचे हात चिखलाचे, तिनं कोपर दिलं. पोरगी बावरली, मग कोपरच धरलं. तेफो तुकडे ओलांडून आत गेला. मीही जेवायला थांबले; मक्याच्या पिठाचा घट्ट पापा निवला, भाजी निवली, मातेफो मात्र दर घासाला उठून भिंतीशी.

"बस की गं!" मी म्हटलं.

"मी बसले तर पाकळी पडेल."

सकाळी ठकठक ऐकून मी कुंपणाशी धावले. धावले कसली, तिथंच होते. तेफो बोटांच्या पेरांनी भिंत वाजवून बघत होता. मागे मातेफो, अंगावर पांघरलेल्या ब्लँकेटचं टोक दातात. सगळीकडे घट्ट आवाज. दाराच्या डावीकडे मात्र पोकळ. त्यानं आईकडे पाहिलं, सुटलेला पापुद्रा हातानं काढला आणि हातोडा उचलला.

"इथं घाव कमी घातलेस," म्हणाला, आणि स्वतःचंच सिमेंट टोचायला लागला.

मातेफोनं दातातलं ब्लँकेट सोडलं. मग ओरडली, "अरे हळू! शेजारची पाकळी हलतेय!" आणि बादली घेऊन मातीला पळाली. मागोमाग सून, बाह्या वर सारत.